कौल एका दिवसाचा, बंधन पिढ्यांचे : कॅलिफोर्निया, १९७८

१/ ६ जून १९७८. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी त्या दिवशी थेट मतदानाने राज्यघटना बदलली आणि घरपट्टीचे एकूण उत्पन्न निम्म्याहून अधिक घटवले. राज्यपाल विरोधात होते, विधिमंडळाने वेगळा पर्याय पुढे ठेवला होता; तरीही प्रस्ताव मंजूर झाला. ‘प्रपोझिशन १३’ची ही कथा. जनता थेट बोलते, तेव्हा तिचा शब्द पुढे कोणाकोणाला बांधतो, हा तिच्यातील कळीचा प्रश्न आहे.

२/ आधी व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची राज्यघटना असते. आपल्याकडे घटनादुरुस्ती संसदेत होते, ती मतदारांपुढे कौलासाठी जात नाही. जनमत कौल म्हटले की आपल्याला गोव्याचा १६ जानेवारी १९६७ चा कौल आठवतो. पण तो एका प्रश्नापुरता होता. कॅलिफोर्नियात असे कौल हा राज्यकारभाराचा नेहमीचा भाग आहे.

३/ तेथे ही प्रथा १९११ मध्ये रुजली. सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीने राज्याचे राजकारण मुठीत ठेवले होते. तिला शह देण्यासाठी राज्यपाल हायरम जॉन्सन यांच्या काळात नागरिकांना थेट प्रस्ताव मांडण्याचा अधिकार मिळाला. ठरावीक संख्येने सह्या गोळा करायच्या, प्रस्ताव मतपत्रिकेवर आणायचा आणि साध्या बहुमताने घटना बदलायची.

४/ आता घरपट्टी. शाळा, काउंट्या आणि शहरे यांचा मोठा आधार हाच कर होता. १९६०च्या दशकाच्या मध्यास सॅन फ्रान्सिस्कोत मालमत्तांचे मूल्य ठरवणारा अधिकारीच लाचखोरीत सापडला आणि दोषी ठरला. उद्योगांना पैशाच्या बदल्यात सवलत मिळत असे. संतापलेल्या विधिमंडळाने १९६६ मध्ये कायदा केला : सर्व मालमत्तांचे मूल्यांकन बाजारभावाशी जोडलेल्या एकाच प्रमाणात व्हावे.

५/ सुधारणा न्याय्य होती. परिणाम मात्र अनपेक्षित झाला. जुन्या पद्धतीत राहत्या घरांचे मूल्यही अनेक ठिकाणी कमी धरले जाई. ते संरक्षण गेले. त्यातच १९७०च्या दशकात घरांचे भाव भडकले. ज्यांना घर विकायचेच नव्हते, अशा निवृत्तांच्या हातीही फुगलेली बिले पडू लागली. कागदावर श्रीमंती वाढली. उत्पन्न तेवढेच राहिले.

६/ मतदार करकपातीसाठी आधीपासूनच उतावीळ होते, असे मात्र नाही. घरपट्टीला मर्यादा घालणारे प्रस्ताव त्यांनी १९६८ आणि १९७२ मध्ये फेटाळले होते. १९७३ मध्ये राज्यपाल रोनाल्ड रेगन यांचा कर व खर्च यांवर मर्यादा घालणारा प्रस्तावही पडला होता. मग १९७८ मध्ये काय बदलले?

७/ दोन गोष्टी. राज्याच्या तिजोरीत सुमारे ५ अब्ज डॉलरची शिल्लक साचली होती. लोक बिलांखाली दबलेले असताना सरकार पैसा साठवून बसले आहे, हे चित्र जिव्हारी लागले. दुसरे, मतदानाच्या तोंडावर लॉस एंजेलिस काउंटीतील नव्या मूल्यांकनाचे भरमसाट आकडे बाहेर आले. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांनी लाखो सह्या जमवून प्रस्ताव मतपत्रिकेवर आणलाच होता. हा राग त्यांच्या पथ्यावर पडला.

८/ प्रस्तावाचा गाभा असा : कर मूल्याच्या १ टक्क्याहून अधिक नको. मूल्य १९७५ च्या पातळीवर न्यावे. ते वर्षाला फार तर २ टक्के वाढावे. घर विकले गेले, तरच नव्या किमतीवर आकारणी व्हावी. शिवाय राज्याचे कर वाढवण्यास विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते हवीत. स्थानिक विशेष करांसाठी मतदारांची दोन तृतीयांश मते हवीत.

९/ शिक्षकांच्या संघटना आणि अनेक अर्थतज्ज्ञ यांनी विरोध केला. राज्यपाल जेरी ब्राऊनही विरोधात होते. विधिमंडळाने सौम्य करकपातीचा पर्याय त्याच मतपत्रिकेवर ठेवला, तो हरला. प्रपोझिशन १३ ला सुमारे ६५ टक्के मते मिळाली. ब्राऊन यांनी निकालानंतर तत्परतेने अंमलबजावणी हाती घेतली. दोन आठवड्यांच्या आत जार्विस ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले.

१०/ येथे थांबून आकडा पाहा. नेमकी मते ६४.८ टक्के होती. दोन तृतीयांश म्हणजे ६६.७ टक्के. याचा अर्थ, पुढील काळातील विशेष करांवर या प्रस्तावाने जी अट लादली, ती त्याला स्वतःला पूर्ण करता आली नसती! साध्या बहुमताच्या नियमाने आलेल्या कौलाने नंतरच्या बहुमतांना मात्र अपुरे ठरवले.

११/ राज्याने शिल्लक रकमेतून स्थानिक संस्थांना सावरले. पण त्यासोबत आर्थिक सूत्रे शहरे व शाळा यांच्या हातून राज्य राजधानी सॅक्रामेंटोकडे सरकली. ज्यांनी सरकार दूर ठेवण्यासाठी मत दिले, त्यांच्या गावाचे निर्णय अधिक दूर जाऊन बसले.

१२/ दुसरा परिणाम शेजाऱ्याशेजाऱ्यांत दिसला. लॉस एंजेलिसमध्ये १९८८ साली १,७०,००० डॉलरना घर घेणाऱ्या महिलेला सुमारे १,७०० डॉलर कर आला. तशाच घरात १९७५ पासून राहणारे शेजारी सुमारे ३५८ डॉलर भरत होते. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९२ मध्ये न्यायालयाने ८ विरुद्ध १ अशा मतांनी ही तफावत घटनाबाह्य नसल्याचा निर्णय दिला.

१३/ १९७८ मध्ये ज्यांचे वय मतदानाचे नव्हते, जे त्या राज्यात अजून आलेच नव्हते, त्यांनी पुढे घर घेतले तेव्हा त्या कौलाची किंमत भरली. तरीही तेव्हाच्या मतदारांना स्वार्थी म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. करापायी घर सोडावे लागण्याची त्यांची भीती खरी होती आणि विधिमंडळाने वर्षानुवर्षे त्यावर ठोस उपाय केला नव्हता.

१४/ २०२० मध्ये मोठ्या व्यावसायिक मालमत्तांपुरती ही सवलत काढण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला. सुमारे ५२ टक्के मतदारांनी तो नाकारला. प्रपोझिशन १३ आजही घटनेत आहे.

१५/ थेट कौलाचे वृत्त वाचताना आपण बहुधा ‘कोण जिंकले’ एवढेच पाहतो. इतिहासाच्या अभ्यासकाने आणखी दोन प्रश्न विचारावेत : हा निर्णय उद्या बदलायचा झाल्यास किती मते लागतील? आणि ज्यांच्यावर तो लागू होणार आहे, त्यांपैकी किती जण आज मतदानाच्या रांगेत उभे आहेत?