माल कुठला आणि कसब कोणाचे?

गावच्या शाळेसाठी लाऊडस्पीकर घ्यायचे ठरते, वर्गणी जमते आणि दोघे-तिघे मिळून जिल्ह्याच्या पेठेत जातात. दुकानदार दोन यंत्रे पुढे मांडतो. वाजवून पाहावे तर दोन्हींचा आवाज सारखाच वाटतो. मग तो त्यांतले एक उलटे करतो, पाठीमागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवतो आणि म्हणतो, “हा माल जर्मनीचा आहे, गुरुजी. किंमत दुप्पट, पण डोळे झाकून घ्या.” पैसा गावाचा, घरोघर फिरून गोळा केलेला. तेव्हा डोळे झाकावेत की उघडे ठेवावेत, हे ठरवण्याआधी त्या बारीक अक्षरांचा इतिहास जाणून घेणे बरे.

आपणांस नवल वाटेल, पण ही अक्षरे प्रथम छापली गेली ती मालाची थोरवी सांगण्यासाठी नव्हे, तर त्याला कमी लेखण्यासाठी! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन कारखानदार इंग्रजी मालाच्या नकला करून स्वस्तात विकत असत. इंग्लंडातले शेफील्ड गाव चाकू-कात्र्यांसाठी नावाजलेले. त्याचे नाव जर्मनीत झालेल्या पात्यांवर ठोकले जाई. १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोठे प्रदर्शन भरले. तेथे गेलेल्या फ्रान्झ र्‍यूलो या जर्मन यंत्रशास्त्रज्ञानेच आपल्या देशाचा माल स्वस्त पण हलका असल्याचे स्पष्ट लिहिले. पुढे १८८७ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला. परदेशी मालावर इंग्रजी कारखान्याचा भास होईल असे नाव वा शिक्का असेल, तर तो कोणत्या देशात झाला हेही त्यावर छापलेच पाहिजे, असा त्याचा आशय होता. ‘मेड इन जर्मनी’ वाचून गिऱ्हाईक नाक मुरडील, अशी इंग्रजांची अपेक्षा होती.

झाले उलटेच. जर्मनांनी तांत्रिक शाळा काढल्या होत्या, प्रयोगशाळा उभारल्या होत्या. माल सुधारत गेला. पुढे १८९६ साली अर्नेस्ट विल्यम्स नावाच्या इंग्रज लेखकाने ‘मेड इन जर्मनी’ याच नावाचे पुस्तक लिहिले आणि दिवाणखान्यातल्या पियानोपासून स्वयंपाकघरातल्या पेल्यापर्यंत जर्मन माल इंग्रजांच्या घरात कसा शिरला आहे, हे दाखवून धोक्याची घंटा वाजवली. नामुष्कीचा शिक्का दहा वर्षांत भीतीचा झाला, पुढे तोच मानाचा झाला.

आता ध्वनियंत्रांकडे वळू. योगायोग असा की, त्याच १८८७ साली एमिल बर्लिनर याने सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट अमेरिकेत घेतले. हा गृहस्थ जन्माने जर्मनीतल्या हानोवरचा. तबकड्या दाबून काढण्याचा कारखाना १८९८ साली त्याच हानोवरला निघाला. नंतर १९०२ साली ग्रामोफोन कंपनीतर्फे फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गोहरजान हिचे गाणे मुद्रित केले. मूळ मुद्रणे बोटीने युरोपात गेली आणि तबकड्या तयार होऊन परत आल्या. गाणे संपताच गोहरजान इंग्रजीत आपले नाव सांगते. दूर हानोवरला तबकडीवर लेबल लावणाऱ्याला गायिका कोण हे कळावे म्हणून ही रीत पडली, असे सांगतात. आता सांगा, गाणारी हिंदुस्थानची, कंपनी इंग्रजांची, यंत्राची कल्पना अमेरिकेतली, कारखाना जर्मनीतला; ही तबकडी कोणत्या देशाची म्हणायची? पुढे १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच होऊ लागल्या.

जर्मनीची गोष्ट पुढे जपानात पुन्हा घडली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी माल म्हणजे तकलादू, असा जगाचा समज होता. सोनी कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे की, सुरुवातीला ते ‘मेड इन जपान’ ही अक्षरे होता होईल तो बारीक छापत. एकदा तर इतकी बारीक की अमेरिकेच्या कस्टमवाल्यांनी हरकत घेतली! ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेतला, १९४७ चा. जपानी कंपनीने परवाना घेतला आणि १९५५ साली आपला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आणला.

मग जपानी माल सुधारला कशाने? १९५० साली एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जपानात व्याख्याने देत होते. त्यांच्या सांगण्याचे सार आपल्या भाषेत असे: भाकरी करपल्यावर ती बाजूला काढण्यापेक्षा तव्यावर आणि जाळावर नजर ठेवा. अमेरिकेत त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही, जपानी कारखानदारांनी ऐकले. १९७२ साली मात्सुशिता कंपनीचे टेक्निक्स एसएल-१२०० हे तबकडीयंत्र आले आणि त्याच्या टिकाऊपणाचे दाखले जगभर दिले जाऊ लागले. माती तीच, माणसे तीच. बदलली होती ती कामाची शिस्त.

आज तर पाठीमागची अक्षरे पुरती गोष्ट सांगतही नाहीत. क्वाड आणि व्हार्फडेल ही स्पीकरांची जुनी इंग्रजी नावे. १९९० नंतरच्या दशकात ती एका चिनी उद्योगसमूहाकडे गेली आणि माल चीनमध्ये होऊ लागला. भाग एका देशातले, आराखडा दुसऱ्याचा, जुळणी तिसऱ्याची, असा हा व्यवहार आहे. एकाच देशात उत्तम मालही होतो आणि रद्दीही. कारखान्याला काय दर्जा सांगितला आणि तपासणीवर किती खर्च केला, यावर ते ठरते.

मग ठिकाणाला काहीच किंमत नाही का? आहे, आणि त्यासाठी लांब जायला नको. मिरजेचा तंबोरा घ्या. तेथल्या शिकलगारांनी हत्यारांचे काम सोडून एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवायला घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, पिढ्यानुपिढ्या मुरलेला हात आणि चूक काढून दाखवणारे गवई, सारे एका जागी जमले. त्यामुळे २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. म्हणजे गावाचे नाव खरे ठरते, ते त्यामागचे कसब तिथे नांदते आहे तोवर.

तेव्हा गुरुजी, दुकानदाराने अक्षरांवर बोट ठेवले की आपण चार प्रश्न विचारावेत. नेमका याच नमुन्याचा माल कोणत्या कारखान्यात झाला? हमी किती वर्षांची, आणि ती लेखी मिळेल का? सुटे भाग मिळतात का? दुरुस्ती जिल्ह्यात होते, की यंत्र मुंबईला पाठवावे लागते? मग दोन्ही यंत्रे एकाच गाण्यावर, एकाच उंचीच्या आवाजात लावून ऐकावीत. जे मोठ्याने वाजते ते चांगले, अशी कानाची फसगत सहज होते. शक्य तर शाळेच्या पटांगणात वाजवून पाहावे. एवढे करून महागडे यंत्र सरस ठरले, तर खुशाल घ्यावे. पण दुप्पट किंमत मोजायची ती यंत्रासाठी. नुसत्या देशाच्या नावासाठी गावाची वर्गणी खर्चू नये.