'ताप' या रकान्यांत दडलेला ताप

इंग्रजी अमदानींत वऱ्हाडांतील गांवोगांवीं जन्ममृत्यूंची नोंद ठेवण्याची रीत पडली. हें काम गांवच्या पाटलाकडे असे. कोणी मेला म्हणजे त्याच्या नांवापुढें मृत्यूचें कारण लिहावयाचें; पण कारणांचे रकाने मोजकेच होते. पटकी, देवी, प्लेग, हगवण, श्वसनाचे विकार, अपघात आणि 'ताप'. पटकी ओळखण्यास वैद्यकाची पदवी लागत नाहीं. देवीचे फोड तर आंधळ्यासहि हातानें कळत. बाकी जें कांहीं अंग तापवून माणसाला घेऊन जाई, तें सारें 'तापा'च्या रकान्यांत पडे. हिंवताप तेथेंच, विषमज्वर तेथेंच, बाळंतज्वरहि बहुधा तेथेंच. १९०५ पर्यंत वणी या नांवानें ओळखला जाणारा आणि त्या सालीं पुसद तालुका जोडला जाऊन 'यवतमाळ' झालेला जिल्हा या रीतीला अपवाद नव्हता. पाटलाचा यांत दोष नाहीं. त्याला जो रकाना दिला त्यांत त्यानें लिहिलें. परंतु त्या एका शब्दाखालीं निरनिराळ्या जातींचे किती रोग निमूटपणें बसून होते, हें कळण्यास पुढें पुष्कळ वर्षें जावीं लागलीं. त्यांपैकीं एकाचा वाहक तर घरच्या उंबऱ्यावर, राखणीच्या कुत्र्याच्या कानांत बसलेला होता.

यवतमाळ हा काळ्या कपाशीच्या जमिनीचा, सागाच्या जंगलाचा आणि गुराढोरांचा मुलूख. एका अंगास वर्धा, दुसऱ्या अंगास पैनगंगा, मधें डोंगराळ पठार. कोलाम, गोंड, बंजारा आणि कुणबी यांच्या वस्त्यांतून माणूस व जनावर यांच्यांत भिंत अशी फारशी नसतेच. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळीं बैलाचे खांदे शेकण्याचा विधि होतो. मानेवर लोणी-हळद चोळतां चोळतां शेतकऱ्याचीं बोटें कानाच्या पाळीखालीं, कांखेंत, शेपटीच्या बुडाशीं जातात आणि तेथें फुगलेली गोचीड हमखास हातीं लागते. ती उपटावी आणि दगडाखालीं चिरडावी, पोरांनीं तर नखांवरच फोडावी, ही सर्वांच्या ओळखीची गोष्ट. गोचीड जनावराचें रक्त पिते, दूध कमी करते, एवढें शेतकरी जाणतो. ती माणसालाहि कांहीं देऊन जाते, हें मात्र त्याला कोणी सांगितलें नव्हतें. सांगणार तरी कोण? वैद्यकालाच तें उशिरा कळलें.

कळलें तेंहि प्रथम जनावरांवरूनच. अमेरिकेंत गुरांना लाल मूत्राचा ताप येऊन कळपच्या कळप मरत. १८९३ सालीं थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनीं सप्रमाण दाखविलें कीं, हा ताप गोचीड एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेते. किड्यासारख्या क्षुद्र जीवाकडून रोग पसरतो याचा हा अगदीं पहिल्या पुराव्यांपैकीं एक. हिंवताप आणि डांस यांचें नातें सिद्ध झालें तें यानंतर.

त्याच देशांत रॉकी पर्वताच्या दऱ्यांत माणसांना एक भयंकर ताप येई. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं मनगटांवर व घोट्यांवर लाल ठिपके उमटत, ते पुढें काळसर पडत. म्हणून तेथील वसाहतवाले त्यास 'काळी गोवर' म्हणत. बिटररूट नदीच्या पश्चिम कांठीं हा ताप फार जीव घेई, आणि शेजारच्या आयडाहो प्रांतांत तोच सौम्य असे. हॉवर्ड रिकेट्स या तरुण संशोधकानें १९०६ सालीं गिनिपिगांवर प्रयोग करून त्याचेंहि मूळ गोचिडींत शोधून काढलें. आजारी मादीच्या अंड्यांतून हें विष पुढल्या पिढीच्या गोचिडींत उतरतें, हेंहि त्याच्या ध्यानांत आलें. म्हणजे येथें गोचीड नुसती हमाल नव्हे, ती रोगाचें कोठारच आहे. पुढें मेक्सिको शहरांत उवांच्या टायफसचा अभ्यास करीत असतां त्याच रोगानें १९१० सालीं रिकेट्स वारला. १९१६ मध्यें दा रोशा लिमा यानें या जातीच्या जंतूंना 'रिकेट्सिया' हें नांव दिलें, तें त्याच्याच स्मरणार्थ.

रिकेट्स वारला त्याच सालीं ट्यूनिसमध्यें कोनोर व ब्रुख या डॉक्टरांनीं ठिपक्यांच्या तापाचा दुसरा एक प्रकार वर्णन केला. भूमध्य समुद्राच्या कांठचा हा ताप कुत्र्याच्या तांबूस गोचिडीपासून होतो असें पुढें ठरलें, आणि त्याच्या जंतूला 'रिकेट्सिया कोनोरी' म्हणूं लागले. ही गोचीड जगांत जेथें कुत्रा आहे तेथें आहे. म्हणजे ती यवतमाळांतहि होतीच.

हिंदुस्थानांत या तापाची पहिली ठळक नोंद एका डॉक्टरच्या स्वतःच्या दुखण्यानें झाली. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील जॉन मेगॉ हे १९१६ सालीं कुमाऊंच्या डोंगरांत असतां त्यांना गोचीड चावली, आणि कांहीं दिवसांनीं ताप व अंगभर पुरळ आलें. दुखण्यांतून उठल्यावर त्यांनीं १९१७ मध्यें 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्यें तो वृत्तांत छापला. १९२१ सालीं त्यांनीं पुढचें पाऊल टाकून असें सुचविलें कीं, हिंदुस्थानांत टायफससारखा जो ताप दिसतो तो गोचिडी पसरवीत असाव्यात. टायफस म्हणजे उवा, गलिच्छ तुरुंग आणि थंड प्रदेश, अशी त्या वेळच्या विद्वानांची ठाम समजूत. तिला हा धक्काच होता. मेगॉ पुढें कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनचे प्रमुख झाले. टायफस-कुळांतील तापांची वांटणी तो कोणत्या किड्यापासून येतो यावरून करावी, हा त्यांचा आग्रह होता: उवेचा, पिसवेचा, माइटचा आणि गोचिडीचा. वांटणी सुटसुटीत होती आणि टिकलीहि.

तरी हा ताप देशांतील वैद्यकाच्या नित्य विचारांत शिरला नाहीं. याचें एक कारण असें कीं, ज्यांना तो झाल्याचें छापून आलें ते बहुधा डोंगरांत तळ ठोकणारे साहेब व शिपाई होते; त्यामुळें हा रानांतल्या शिकाऱ्यांचा ताप होय अशी समजूत झाली. दुसरें कारण परीक्षेचें. हा जंतु जिवंत पेशींच्या पोटांतच वाढतो, प्रयोगशाळेंतील नेहमींच्या खाद्यावर वाढत नाहीं. वाइल व फेलिक्स यांची रक्तपरीक्षा स्वस्त होती, परंतु तिचें उत्तर उशिरां येई आणि भरंवशाचेंहि नसे. आणि दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर माइटपासून होणाऱ्या स्क्रब टायफसनें एवढी प्राणहानि केली कीं, गोचिडीचा ताप त्याच्या सावलींत झांकून गेला.

वास्तविक त्याची करणी ओळखण्याजोगी आहे. हा जंतु सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरांत घर करतो. अस्तर झिजलें कीं रक्त बाहेर पाझरतें; त्वचेवर दिसणारे ठिपके म्हणजे हींच गळतीचीं ठिकाणें. गोवर, कांजिण्या यांचें पुरळ तळहात-तळपायांवर क्वचित् ठळक दिसतें, याचें मात्र तेथेंहि उमटतें. रोग बळावल्यास ठिपके एकत्र होऊन जांभळे डाग पडतात, पायांवर सूज येते, आणि कधीं कधीं बोटांचीं टोकें किंवा कानाच्या पाळ्या काळ्या पडून सडतात. भूमध्य समुद्राकांठच्या रोग्यांत चाव्याच्या जागीं काळी खपली आढळते. भारतीय रोग्यांत ती बहुतेक दिसतच नाहीं. म्हणून पुस्तकांत वाचलेली खपली शोधीत बसलेला डॉक्टर येथें फसतो. गोचीड चावतांना दुखत नाहीं, त्यामुळें रोग्यालाहि चाव्याची आठवण नसते. शिवाय नखांवर फोडलेल्या गोचिडीचा रस ओरखड्यांतून वा डोळ्यांतून अंगांत गेला तरी पुरतो. मग चाव्याचा प्रश्नच उरत नाहीं.

कुत्र्याच्या गोचिडीला माणसाचें रक्त हें कांहीं आवडीचें अन्न नव्हे. ती आयुष्यांत तीनदां रक्त पिते आणि तिन्ही वेळां तिला कुत्राच हवा असतो. पण पोट भरून खालीं पडलेली मादी भिंतीच्या भेगेंत हजारों अंडीं घालते. पिलें बाहेर पडतात तेव्हां कुत्रा जवळ नसला आणि अंगणांत निजलेलें मूल असलें, तर तीं मुलावर चढतात. स्वतः कुत्र्याला या तापाची फारशी बाधा दिसत नाहीं. त्याला मारतात ते याच गोचिडीनें आणलेले दुसरे रोग. तशीच बैलाची गोचीड वेगळ्या जातीची आणि तिचा 'गोचीड ताप'हि वेगळा. त्यांत मुख्यतः संकरित गाई-वासरें दगावतात. नांव सारखें असल्यामुळें गांवांत या दोहोंचा घोटाळा सहज होतो.

महाराष्ट्रांत या तापाचा माग शास्त्रीय रीतीनें प्रथम पुण्याच्या बाजूस काढला गेला. विषाणु-संशोधनासाठीं १९५२ सालीं तेथें स्थापन झालेल्या संस्थेंतील पदबिद्री व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुणें जिल्ह्यांतील लोकांचें रक्त तपासून, या कुळांतील जंतूंशीं त्यांची गांठ पडून गेल्याच्या खुणा दाखविल्या. तीं टिपणें १९८४ मध्यें प्रसिद्ध झालीं. रोग येथें आहे, हें त्यावरून ठरलें. पण खेड्यांतील दवाखान्यांत बसलेल्या डॉक्टरला त्या कागदाचा उपयोग काय?

तो उपयोग करून दिला वऱ्हाडांतच. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ नरेंद्र राठी आणि त्यांचे सहकारी यांच्याकडे आसपासच्या जिल्ह्यांतून ताप व पुरळ घेऊन मुलें येत. त्यांच्या निरीक्षणांतून १९११ नव्हे, तर तब्बल शंभर वर्षांनीं, २०११ सालीं 'इंडियन पीडिअ‍ॅट्रिक्स' या मासिकांत एक गुणपद्धति प्रसिद्ध झाली. शाळेंतल्या परीक्षेसारखी ती आहे. खेड्यांतील वस्तीला गुण, घरच्या पाळीव जनावराला गुण. गोचीड चावल्याला अधिक. तळहात-तळपायांवरील पुरळाला अधिक. पायांवरील सूज, वाढलेलें यकृत, रक्तांतील कांहीं आंकडे यांनाहि आपआपले गुण. ३५ पैकीं १४ गुण भरले कीं हा ठिपक्यांचा ताप आहे असें समजून औषध सुरू करावें, मोठ्या शहरांतील तपासणीच्या उत्तराची वाट पाहूं नये. या यादींत महागडें असें फार थोडें आहे. जें पाटलाच्या रकान्यांत मावत नव्हतें, तें आतां डॉक्टरच्या प्रश्नांत आलें.

औषधाचीहि कथा लहान नाहीं. पेनिसिलिन पेशींच्या आंत लपलेल्या या जंतूला शिवूं शकत नाहीं. सल्फा औषधांनीं तर प्रकृति बिघडते. १९४८ च्या सुमारास क्लोरॅम्फेनिकॉल व टेट्रासायक्लिन-वर्गांतील औषधें हातीं आलीं, तेव्हां कोठें हा रोग हटूं लागला. १९६७ पासून त्यांचें भावंड डॉक्सिसायक्लिन मिळूं लागलें. तें स्वस्त आहे आणि वेळीं दिल्यास ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो. परंतु टेट्रासायक्लिननें लहान मुलांचे दांत पिंवळे पडतात, या जुन्या धास्तीमुळें आठ वर्षांखालील मुलांना डॉक्सिसायक्लिनहि द्यावयास डॉक्टर पुष्कळ काळ कचरत. थोड्या दिवसांच्या डॉक्सिसायक्लिननें तसें होत नाहीं, आणि या रोगांत वय न पाहतां तेंच द्यावें, असा आतां सर्वमान्य निर्णय आहे. दांतांच्या काळजीनें जीव गमावणें हा सौदा कोणत्याहि आईबापांना परवडणारा नव्हता.

२०१८ च्या पावसाळ्यांत नागपूर व भोंवतालच्या मुलखांत स्क्रब टायफसची साथ आली, माणसें दगावलीं आणि वर्तमानपत्रांतून त्या नांवाचा गाजावाजा झाला. तो माइटचा रोग, गोचिडीचा नव्हे. पण कूळ एकच, आणि औषधहि तेंच. त्या साथीनंतर वऱ्हाड-नागपुरांतील डॉक्टर न उतरणाऱ्या तापाच्या रोग्याचे कपडे उतरवून कांख, जांघ, कानामागील भाग बारकाईनें पाहूं लागले. तळहात उलटून पाहण्यास त्याहून क्षणभरच अधिक लागतो. आणि पैनगंगेकांठच्या वस्तीवरून मूल घेऊन आलेल्या आईला, ताप किती दिवसांचा हें विचारून झाल्यावर, पुढचा प्रश्न येतो: "घरीं कुत्रा आहे काय, बाई?"