एका गायकाचे मानसगुरु

विद्या कोणापासून घ्यावी, या प्रश्नाला आपल्या परंपरेंत दोन उत्तरें आहेत. गुरुगृहीं राहून, सेवा करून, गंडा बांधून घ्यावयाची, हें एक. आणि एकलव्याची वाट, हें दुसरें. या दुसऱ्या वाटेनें जाणाऱ्याला आपला गुरु कोण हें पक्कें ठाऊक असतें. गुरूला मात्र शिष्याचा पत्ता नसतो. असा शिष्य नेमकें काय उचलतो, याचें एक उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवर वाढलेल्या एका पारशी मुलाच्या चरित्रांत सांपडतें.

फारुख बलसारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजीं झांजिबार बेटावर झाला. वयाच्या आठव्या वर्षीं त्याला शिक्षणासाठीं हिंदुस्थानांत धाडण्यांत आलें. वाईचा पसरणी घाट चढून गेलें कीं पांचगणी लागते. तेथील सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहांत तो राहिला आणि तेथेंच पियानो शिकला. रेडिओवर ऐकलेलें गाणें तो लागलीच पियानोवर काढून दाखवी, असें त्याचे सोबती सांगतात. १९५८ सालीं पांच मुलांनीं ‘हेक्टिक्स’ नांवाचा वाद्यवृंद काढला. त्यांत फारुखकडे पियानो होता; गिटार दुसऱ्याच्या हातीं होती. पुढें हाच मुलगा फ्रेडी मर्क्युरी या नांवानें जगाला माहीत झाला.

१९६४ च्या क्रांतीमुळें बलसारा कुटुंब झांजिबार सोडून लंडनजवळ येऊन राहिलें. फारुख ईलिंग येथील कलाशाळेंत चित्रकला शिकूं लागला, आणि त्याच सुमारास त्याला त्याचा द्रोणाचार्य भेटला. तो म्हणजे जिमी हेंड्रिक्स. अमेरिकेंतील सियाटल गांवीं १९४२ सालीं जन्मलेला हा कृष्णवर्णी वादक १९६६ च्या सप्टेंबरांत लंडनला आला. तो डावखुरा होता. उजव्या हाताची गिटार उलटी धरून व तिच्या तारा उलट क्रमानें चढवून तो वाजवी.

त्याचें नवल समजण्यासाठीं विजेच्या गिटारीची रचना ध्यानांत घ्यावी लागते. तिच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक व बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. तार हालली कीं वेटोळ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो आणि तो वाढवून कर्ण्याकडे पोंचविला जातो. कर्णा जवळ असला तर त्याचाच आवाज तारेवर आदळून तिला हलवीत राहतो व किंकाळीसारखा नाद उठतो. एरवीं दोष मानला जाणारा हा नाद हेंड्रिक्सनें स्वर म्हणून वापरला. सतारीवर मींड घ्यावी तशी तार ओढून तो तिला बोलकी करी.

फारुखनें त्याचे कार्यक्रम ऐकले आणि कलाशाळेंत त्याचीं चित्रें काढलीं. १८ सप्टेंबर १९७० रोजीं हेंड्रिक्स वयाच्या २७ व्या वर्षीं लंडनमध्यें वारला. त्या वेळीं फारुख आणि त्याचा मित्र रॉजर टेलर हे केन्सिंग्टन बाजारांत कपड्यांचें दुकान चालवीत. त्या दिवशीं त्यांनीं तें बंद ठेवलें.

याच दोघांनीं त्या वर्षीं ब्रायन मे याच्यासह ‘क्वीन’ हा वृंद सुरू केला. मे याची गिटार हें एक निराळेंच प्रकरण आहे. मिरजेचे कारागीर जसे भोपळा पारखून तंबोरा घडवितात, तशी ही गिटार मे व त्याचे वडील यांनीं १९६३ पासून घरींच घडविली. तिच्या मानेचें लांकूड एका जुन्या शेगडीच्या चौकटीचें. पडद्यांच्या खुणा आईच्या शिवणपेटींतल्या मोत्याच्या गुंड्यांच्या! मे यालाही हेंड्रिक्स पूज्य होता. त्याआधीं ‘शॅडोज’ वृंदाच्या हँक मार्विननें त्याला भारून टाकलें होतें.

पुढें ‘पंक’ संगीत आलें. ‘सेक्स पिस्टल्स’चा स्टीव्ह जोन्स थोडे स्वरसंघ घेऊन जोरदार आघातांनीं गिटार वाजवी, लांबलचक एकलवादनाला त्या पंथांत थारा नव्हता. ‘क्वीन’चा थाटमाट या तरुणांना शिळा वाटे. १९७७ सालीं या दोन्ही मंडळ्या लंडनच्या वेसेक्स ध्वनिमुद्रणगृहांत शेजारींशेजारीं काम करीत होत्या, आणि त्या वर्षींची ‘क्वीन’ची तबकडी आधींच्यांहून साधी उतरली.

१९७९ सालीं म्यूनिक शहरांतील हॉटेलांत फ्रेडीनें गिटार हातीं घेऊन कांहीं मिनिटांत एक गाणें रचलें. एल्व्हिस प्रेस्लीच्या धर्तीचें तें गाणें पुढल्या वर्षीं अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलें. आपल्याला थोडेच स्वरसंघ येत होते, त्यामुळें मर्यादेंत राहावें लागलें आणि तेंच पथ्यावर पडलें, असें त्यानें मागाहून सांगितलें.

हेंड्रिक्सचीं बोटें ज्यानें उचललीं नाहींत, त्यानें त्याचें धैर्य उचललें: सहस्रावधि लोकांसमोर निःशंकपणें उभें राहण्याचें. मुलाच्या खोलींत एखाद्या विचित्र वेषाच्या वादकाचें चित्र लागलें म्हणजे वडीलधारीं माणसें चिंतेंत पडतात. पोरगा आतां त्याचीच नक्कल करणार, असें त्यांना वाटतें. पण खरी भक्ति नकलेवर थांबत नाहीं. २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं फ्रेडी वारला, तेव्हां त्याची कीर्ति गायक म्हणूनच होती. गिटारवादकाची उपासना करून तो गाणारा झाला, आणि त्याचें गाणें मात्र सर्वस्वीं त्याचें स्वतःचें राहिलें.