कुलशोध : एकट्याच्या हातून न होणारे कार्य

श्राद्धाच्या दिवशी पिंडदानाच्या वेळी पुरोहित यजमानास त्याच्या पित्याचे, पितामहाचे व प्रपितामहाचे नाव विचारतो. पिता वसुरूप, पितामह रुद्ररूप व प्रपितामह आदित्यरूप मानून गोत्रोच्चारपूर्वक त्यांस पिंड अर्पण केला जातो. त्यापलीकडील तीन पिढ्यांस धर्मशास्त्र ‘लेपभागी’ म्हणते. हातास लागलेल्या अन्नाचा लेप एवढाच त्यांचा भाग. त्यांची नावे उच्चारण्याचे कारण पडत नाही. सामान्य गृहस्थाची कुलस्मृतीही बहुधा याच मर्यादेवर येऊन थांबते. पणजोबांचे नाव सांगता येते. खापरपणजोबा कोण, ते कोठून आले, त्यांस भाऊ किती होते, असे विचारले म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

वस्तुतः वंशकथन ही आपल्या परंपरेला परकी गोष्ट नव्हे. पुराणाची जी पाच लक्षणे सांगितली आहेत, त्यांत वंश व वंशानुचरित ही दोन आहेत. परंतु पुराणांनी राजवंश व ऋषिवंश सांगितले. गृहस्थाचा वंश गृहस्थानेच सांभाळावा, अशी अपेक्षा राहिली. ती पुरी करण्यास घरातील एखादा जिज्ञासू पुरुष बसला म्हणजे थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानात एक गोष्ट येते. आपल्या कुळाचा इतिहास आपल्या घरात नाही. तो दुसऱ्यांच्या घरांत, दुसऱ्यांच्या वह्यांत आणि पुष्कळदा दुसऱ्याच आडनावाखाली विखुरलेला आहे. याचे कारण समजण्यासाठी गोमंतकातील घराण्यांचे उदाहरण घेणे सोयीचे होईल.

तिसवाडी बेट १५१० साली पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि १५४३ साली बार्देश व साष्टी हे महाल त्यांच्याकडे आले. पुढे १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले. याच साली कुशस्थळीचे मंगेशाचे लिंग जुवारी नदी ओलांडून, त्या वेळी आदिलशाही अमलाखाली असलेल्या अंत्रुज महालात, प्रियोळ गावी नेण्यात आले. त्याच धामधुमीच्या काळात केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. देवांच्या मागोमाग भक्तही निघाले. कोणी नदीपलीकडे अंत्रुजात राहिले. कोणी दक्षिणेस कारवार, भटकळ, मंगळूर या मार्गाने कोचीपर्यंत गेले. कोणी उत्तरेस वेंगुर्ले, मालवण व सावंतवाडीकडे, तर कोणी घाट चढून बेळगावकडे वळले. अठराव्या शतकात मराठी सत्तेचा विस्तार झाल्यावर यांपैकी कित्येक घराणी माळव्यात व उत्तर हिंदुस्थानात पोहोचली. अशा रीतीने एकाच मूळ पुरुषाची संतती चार भाषांच्या प्रदेशांत पसरली. एका शाखेचे दप्तर मोडीत राहिले, तर दुसरीचे कन्नडात. जी शाखा जुन्या काबिजादीत मागे राहिली, तिच्या नोंदी पोर्तुगीज भाषेत झाल्या.

स्थलांतराबरोबर आडनावेही पालटली. ‘कर’ हा प्रत्यय गावाचे नाव सांगतो खरा. परंतु बोरीत राहणाऱ्यास बोरीतले लोक बोरकर कशास म्हणतील? ते नाव त्यास बहुधा गाव सोडल्यावर, परक्यांनी दिलेले असते. म्हणून असे आडनाव म्हणजे पूर्वजाने कोठून प्रस्थान ठेवले याचा पुरावा होय. तो त्या गावचा मूळचा रहिवासी होता की तेथेही दुसरीकडून आला होता, हे त्यावरून ठरत नाही. हुद्द्यावरून पडलेली नावे तर याहून फसवी. महादजी शिंद्यांचे प्रख्यात सेनानी जिवबादादा हे मूळचे केरकर. परंतु बक्षीगिरीच्या अधिकारामुळे इतिहास त्यांस जिवबादादा बक्षी म्हणून ओळखतो. ग्वाल्हेरीकडे केवळ ‘बक्षी’ या नावाचा माग काढणाऱ्यास गोमंतकातील केरी गावाची वाट सापडणे कठीण. शेणवी, प्रभू, नायक, कामत, पै ही नावे तर शेकडो घराण्यांत समान आहेत. गोत्रही फार दूर नेत नाही. कौंडिण्य, वत्स किंवा कौशिक असे म्हटल्याने ऋषी कळतो. पुरुष कळत नाही.

मग शोधाची साधने कोणती? पहिले साधन कुलदेवता. कुटुंब कोठेही गेले तरी नवसफेडीला व विवाहानंतरच्या दर्शनाला तो मूळ देवाकडे येतो. गोमंतकातील देवालयांच्या महाजनांच्या याद्या १८८६ सालच्या व पुढे १९३३ सालच्या ‘मझनी’ नियमांमुळे व्यवस्थित लिहिल्या गेल्या. त्यांतून कोणत्या घराण्याचा कोणत्या देवाशी परंपरागत संबंध आहे, हे समजते. सनदाही बोलक्या असतात. पेशव्यांनी १७३९ साली मंगेशी गाव देवस्थानास दिला, तो रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या विनंतीवरून. राजकारणात वावरणाऱ्या पुरुषाचे कुलदैवताशी असलेले नाते अशा कागदामुळे निःसंशय सिद्ध होते.

दुसरे साधन गावकरी, म्हणजेच कोमुनिदाद. गावच्या उत्पन्नातील ‘जोण’ हा वाटा गावकराच्या वंशजास मिळत असल्याने तो कोणाचा पुत्र, कोणत्या वांगडाचा, हे लिहून ठेवणे भाग पडे. ज्या नोंदीमागे द्रव्याचा संबंध असतो, ती नोंद सहसा निष्काळजीपणाने होत नाही, हे येथे लक्षात घ्यावे. गावकरीच्या रूढींसंबंधीचा १५२६ सालचा ‘फोराल’ प्रसिद्धच आहे. १५९५ साली दियोगु दु कोउतु यांच्याकडे सोपविलेल्या गोव्याच्या दप्तरखान्यात असे पुष्कळ साहित्य आहे. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांनी विसाव्या शतकात त्या दप्तराची जी जोपासना केली, तिचे ऋण गोमंतकाच्या प्रत्येक इतिहासप्रेमी गृहस्थावर आहे.

तिसरे साधन तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गोकर्ण, प्रयाग, काशी, गया येथे गेलेला यात्रेकरू उपाध्यायाच्या वहीत आपले नाव, गाव, पूर्वजांची व बरोबरच्या आप्तांची नावे लिहून स्वहस्ते सही करी. दीडशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाचे हस्ताक्षर त्याच्या वंशजास पाहावयास मिळते, ते बहुधा या वहीतच. या बाडांचे मोल परदेशीयांनीही ओळखले. अमेरिकेतील यूटा येथील वंशशास्त्र संस्थेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हरिद्वारासारख्या क्षेत्रांतील बाडांची सूक्ष्मचित्रे घेतली आहेत.

साधने असूनही शोधकाची फसगत होते, ती कशी हे सांगितले पाहिजे. आपल्याकडे नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आहे. विठ्ठलाचा पुत्र रामचंद्र, रामचंद्राचा पुत्र पुन्हा विठ्ठल आणि त्याचा पुत्र पुन्हा रामचंद्र. म्हणजे ‘रामचंद्र विठ्ठल’ ही सही आजोबांचीही असू शकते व नातवाचीही. त्यात जुन्या कागदांवर कित्येकदा शक नसून केवळ संवत्सराचे नाव असते. शक असेल तर त्यात ७८ किंवा ७९ मिळवून इसवी सन काढता येतो. परंतु ‘प्लवंग’ किंवा ‘विकारी’ एवढेच लिहिले असेल, तर ते संवत्सर साठ वर्षांनी पुन्हा येते. साठ वर्षे म्हणजे साधारणतः दोन पिढ्या. आजोबा व नातू यांच्यामधील अंतर नेमके तेवढेच. त्यामुळे दोन पुरुषांचा एक पुरुष होतो, वंशावळीतून दोन पिढ्या गळतात, आणि पुढचे सारे हिशेब चुकतात.

ही गाठ घरातल्या कागदांनी सुटत नाही. ती सुटते ती दुसऱ्या शाखेच्या कागदांनी. एका शाखेजवळ यात्रेची सही असते, तर दुसरीजवळ त्याच पुरुषाच्या भावाचे वाटणीपत्र. तिसरीकडे दत्तकपत्र असते. दत्तकाचे नाव जनक कुळात व दत्तक कुळात अशा दोन्हीकडे येत असल्याने त्या पत्राखेरीज एकाच व्यक्तीच्या दोन व्यक्ती होण्याचा संभव असतो. म्हणून ज्यांनी कुलवृत्तान्त प्रसिद्ध केले, त्या मंडळींनी आरंभीच कुलमंडळे स्थापिली, छापील माहितीपत्रके गावोगाव धाडली, स्वयंसेवक घरोघर पाठविले, आणि एका शाखेची माहिती दुसरीकडून पडताळून घेतली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी खेडोपाडी हिंडून वाड्यांतील दप्तरे उजेडात आणली आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. तेव्हापासून घरातला कागद हा केवळ घराचा नसून समाजाचा आहे, ही जाणीव मराठी मनात रुजली. आज मोबाइलवर घेतलेले मोडी कागदाचे छायाचित्र इंदुराहून बेळगावास क्षणात पोहोचते. मोडी जाणणारा एक, पोर्तुगीज जाणणारा दुसरा आणि कन्नड जाणणारा तिसरा, असे परस्परांस न पाहिलेले शोधक एकच ओळ मिळून वाचतात. जो आपली नक्कल दुसऱ्यास देतो, त्यासच दुसऱ्याची नक्कल मिळते, हा या व्यवहाराचा अलिखित नियम आहे.

येथे प्रमाणविचार मात्र सुटता कामा नये. मूळ लेख डोळ्यांनी पाहिलेला असणे निराळे, त्यावरून केलेले अनुमान निराळे आणि आजीने सांगितलेली गोष्ट निराळी. आजीचे वाक्य आप्तवाक्य म्हणून आदरणीय खरेच. पण वंशावळीत ते आजीचे वाक्य म्हणूनच लिहावे. दुवा न मिळाल्यास तेथे जागा मोकळी ठेवावी. एखाद्या सरदाराशी आडनाव जुळते एवढ्यावरून त्याच्या खाली आपली रेघ ओढणे, हे पूर्वजांस गौरविणे नसून आपल्या खऱ्या पूर्वजास बेदखल करणे आहे.

खऱ्या पूर्वजांस बेदखल करण्याचे आणखी दोन प्रकार आहेत, आणि ते सज्जनांच्या हातूनही घडतात. पहिला स्त्रियांविषयी. जुन्या वंशवृक्षांत पुरुषांच्याच नावांची ओळ दिसते. आपल्या मागे सातव्या पिढीत १२८ पूर्वज असतात. वंशावळ त्यांतील एकाचेच नाव सांगते. श्राद्धविधी याहून उदार आहे. तेथे माता, पितामही, प्रपितामही यांचा नामोच्चार होतो, मातामहादिकांसही स्थान असते. बृहदारण्यकोपनिषदाच्या अखेरच्या वंशब्राह्मणात तर आचार्यांची नावे मातेच्या नावावरून सांगितली आहेत. पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र अशी ती परंपरा आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेही स्त्रीचे नाव मोलाचे. वर सांगितलेल्या दोन रामचंद्रांचा घोटाळा फोडण्याचे उत्तम साधन म्हणजे त्यांच्या पत्नींची नावे व माहेरची घराणी. ज्यांनी ती गाळली, त्यांनी आपल्याच वंशावळीची किल्ली फेकून दिली.

दुसरा प्रकार मागे राहिलेल्या शाखेविषयी. दोन भावांपैकी एक देवाबरोबर नदीपार गेला व दुसरा गावात राहून ख्रिस्ती झाला, असे त्या काळी अनेक घरांत घडले. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यास निराळेच आडनाव मिळाले. परंतु गावकरीच्या वहीत त्याचा वांगड तोच राहिला. कुंकळ्ळीचे उदाहरण पाहावे. जुलै १५८३ मध्ये तेथील गावकरांनी उठाव केला, त्यात पाच जेज्विट मारले गेले. नंतर असोळणे येथे गावच्या प्रमुखांचा विश्वासघाताने वध झाला. देवी शांतादुर्गा फातर्प्यास गेली. परंतु आजही ‘सोंत्रयो’ या छत्र्यांच्या उत्सवात बारा वांगडांच्या बारा छत्र्या निघतात आणि त्यांत हिंदू व ख्रिस्ती असे दोन्ही गावकर सामील होतात. सत्तेने जे तोडले ते वांगडाने सव्वाचारशे वर्षांहून अधिक काळ स्मरणात ठेवले. तेव्हा कागदात जो भाऊ आहे, तो वंशवृक्षात का नसावा? त्याचे नाव लिहिल्याने कोणाचा आचार बिघडत नाही. न लिहिल्याने मात्र इतिहास खोटा होतो. शिवाय त्या शाखेकडील कागदांत आपल्या मूळ पुरुषाचे नाव सुरक्षित असण्याचा पुष्कळ संभव असतो.

तर्पणाच्या शेवटी वस्त्र पिळून जे उदक दिले जाते, ते कुळात जन्मून निपुत्रिक निवर्तलेल्यांसाठी असते. ज्यांचे नाव घेणारा कोणी उरला नाही, त्यांचीही आठवण शास्त्राने राखली आहे. वंशावळीने तीच दृष्टी ठेवावी. लहानपणी गेलेले मूल, विधवा आत्या, दूरदेशी जाऊन परत न आलेला काका, या सर्वांस तिच्यात एकेक ओळ असावी.

मठाचा या कार्याशी असलेला संबंध विचार करण्याजोगा आहे. संन्यासी स्वतःचे श्राद्ध करून कुल व गोत्र यांचा त्याग करतो. त्याची परंपरा गुरुशिष्यांची. तरीही स्वामींच्या संचाराच्या नोंदी, शिष्यवर्गाच्या वर्गणीच्या वह्या, दूरदूरच्या गावांहून आलेली विज्ञापनापत्रे ही सारी मठांच्या दप्तरांत राहतात. ज्याने आपले कुळ सोडले, त्याच्याच आश्रयाला हजारो गृहस्थांच्या कुळांची स्मृती टिकून राहिली. ते दप्तर वाळवीपासून राखणे, त्याच्या सूच्या करणे, ही ज्ञानसेवाच होय.

अशा वर्धापनप्रसंगी दूरदूरचे शिष्य एकत्र येतात. कोणाच्या माळ्यावर पितळी डब्यात वाटणीपत्र असेल, कोणाच्या देवघरात सुतळीने बांधलेले बाड असेल. आपणास ते वाचता येत नाही म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. ज्याला त्यातील एकच नाव हवे आहे, असा कोणीतरी कोचीस वा ग्वाल्हेरीस बसलेला असतो. गाठ सोडावी, नक्कल करावी व ती जाणत्याच्या हाती द्यावी. मूळ कागद घरीच राहील, आणि नावे आपापल्या कुळास पोहोचतील.