धिम्या मार्गावरचे घर

'स्टेशनपासून सात मिनिटं' हे शब्द मुंबईत घराच्या पत्त्याचाच भाग असतात. कोणते स्टेशन, जलद गाडी थांबते की नाही, सकाळी बसायला जागा मिळते का, या गोष्टी घर घेताना विचारल्या जातात, तशा मुलीचे स्थळ पाहतानाही विचारल्या जातात. उपनगर निवडण्याचा हा मिनिटांचा हिशेब शंभर वर्षांहून जुना आहे. मुंबईच्या मुसलमानांनी तो कसा केला, आणि तो करण्याची मोकळीक आम्हाला कितपत होती, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणी तपासून पाहिलेले नाही. दंगलींवर लिहिले गेले, वस्त्यांवर थोडेफार लिहिले गेले. रोजच्या जाण्यायेण्यावर लिहावे असे कुणाला वाटले नसावे.

आमच्या मागच्या पिढ्यांना हा प्रश्नच नव्हता. कोकणातून आलेला मुसलमान बंदराच्या आसपास राहिला, कारण त्याची रोटी बंदरावर होती. १८०२ साली बांधून पुरी झालेली जुम्मा मस्जिद कोकणी मुसलमानांच्या व्यवस्थेखालची. तिच्या अवतीभवती जहाजावरचे, गोदीतले आणि बाजारातले लोक दाटीवाटीने राहत. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक. गावाकडे जाणारी बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटे. म्हणजे गोदी, बाजार, मस्जिद आणि गावाची वाट, सारे पायी जाण्याच्या टप्प्यात. दुपारी घरी जेवायला येणारा माणूस ही डोंगरी-भेंडीबाजारातली साधी गोष्ट होती. (जाता जाता सांगायला हवे की, ज्या 'मस्जिद' स्थानकाला आपण आपले समजतो, त्याचे नाव जवळच्या बेने इस्रायल लोकांच्या जुन्या प्रार्थनास्थळावरून पडले असे मानले जाते. मुंबईत कुणाचे काय आहे हे नावावरून ठरवू नये ते यासाठी.)

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची गाडी धावली, तिला ५७ मिनिटे लागल्याचे सांगतात. आजच्या धिम्या लोकललाही ठाण्याला पोहोचायला जवळपास तासच लागतो. अर्थात ती गाडी मध्ये इतक्या स्थानकांवर थांबत नव्हती. तरी आमच्यासारख्या धिम्या गाडीच्या लोकांना हा आकडा वाचून हसू येते.

उपनगरांत राहायला जाणे ही कल्पना खऱ्या अर्थाने रुजली ती १८९६ च्या प्लेगनंतर. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, महंमद अली रोड त्यांपैकीच एक. आणि उत्तरेला दादर-माटुंग्याकडे नवे भूखंड पाडले. १९२५ मध्ये विजेची गाडी आली. नोकरदार वर्गाला मोकळी हवा आणि वेळेवर कचेरी असे दोन्ही मिळू लागले. पण त्या नव्या वस्त्यांची नावे पाहा: हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी. मिनिटांचा हिशेब करायला निघालेला माणूस आधी आपल्या माणसांचा हिशेब करत होता, हे तेव्हापासूनचे आहे. केवळ मुसलमानांच्या नावावर हा दोष टाकण्याची जी रीत आहे, तिला या नावांनी उत्तर दिलेले आहे.

आमचे लोक बहुतांशी जुन्या जागीच राहिले. माहीम, वांद्रे, कुर्ला येथे जुन्या वस्त्या होत्या, त्या वाढल्या. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, आणि पागडीची खोली सोडणे म्हणजे वेडेपणा ठरला. एका खोलीत तीन पिढ्या झोपू लागल्या. मुलांची लग्ने झाली तशी माळ्यावर माळा चढला. १९८० च्या सुमारास खोली आणि माणसे यांचे गणित कोलमडले होते. मुंब्र्याला आणि मीरा रोडच्या नयानगरला जाणे तेव्हाच सुरू झाले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण सगळे स्थलांतर दंगलीच्या खात्यावर लिहिण्याची आपल्याला सवय झाली आहे.

आता मुंब्र्याची जागा समजून घेतली पाहिजे. १८५४ च्या मे महिन्यात रेल्वे ठाण्याहून पुढे कल्याणपर्यंत गेली. वाटेत खाडी होती आणि पारसिकचा डोंगर. त्या काळच्या इंजिनीअरांनी खाडीवर पूल बांधला आणि रूळ डोंगराच्या कडेने, खाडीला धरून, वळसा देऊन नेले. मुंब्रा त्या वळशावर आहे. पुढे लांबच्या गाड्यांना हा वळसा नकोसा झाला. १९१६ मध्ये डोंगर पोखरून सुमारे १.३ किलोमीटरचा पारसिक बोगदा खुला झाला, आणि जलद मार्ग सरळ आरपार गेला. धिम्या गाड्या जुन्या वळशाने जात राहिल्या. त्या वेळी मुंब्रा-कौसा ही खाडीकाठची छोटी गावे होती. शेती करणारे कोकणी मुसलमान आणि आगरी यांना जलद गाडीचे सुखदुःख नव्हते. १९१६ साली काढलेल्या एका रेषेने ऐंशी वर्षांनंतर लाखो माणसांची संध्याकाळ ठरवली जाईल, हे कोणाच्या ध्यानीमनी असणार?

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत जे घडले ते वाचकांना नव्याने सांगायला नको. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ९०० मृत्यूंची नोंद आहे, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. संमिश्र चाळींत आणि वसाहतींत राहणारी कुटुंबे उठली. काहींची घरे जळाली होती. पुष्कळांची जळाली नव्हती, पण रात्री झोप येत नव्हती. अशा माणसाला 'कामाच्या ठिकाणापासून किती मिनिटे' हा प्रश्न विचारणे क्रूरपणाचे झाले असते. घरातल्या बायकांनी दुसरेच प्रश्न विचारले: शेजारी कोण? रात्री दार वाजले तर हाक कुणाला मारायची? या प्रश्नांना मुंब्र्याने उत्तर दिले. शिवाय मुंबईतल्या पागडीच्या खोलीच्या पैशांत तिथे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि घरातच संडास मिळत होता. ज्यांनी आयुष्यभर चाळीच्या संडासापुढे रांग लावली, त्यांना विचारा याचे मोल.

दुसरी बाजू अशी की, बाकी उपनगरांची दारे मिटत चालली होती. घर पाहून, भाव ठरवून, नाव सांगितल्यावर 'सोसायटीची हरकत आहे' हे वाक्य आमच्यापैकी कितीकांनी ऐकले. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, एखाद्या सहकारी संस्थेला आपल्या उपविधीनुसार सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवता येते, असा निकाल दिला. ठाणे जवळ, मुलुंड जवळ, घाटकोपर त्याहून जवळ आणि जलद गाडीचे. पण जवळचे घर नकाशावर असून भागत नाही, ते आपल्याला मिळावे लागते.

मग रोजचा प्रवास सुरू झाला. कौशाहून शेअर रिक्षाने स्टेशन वीस मिनिटे, फलाटावर दहा, धिम्या गाडीने मस्जिदपर्यंत सत्तर, तिथून दुकान दहा. एका बाजूचे एक तास पन्नास मिनिटे, दोन्ही बाजूंचे तीन तास चाळीस. वर्षाचे ३०० दिवस आणि २५ वर्षे धरली तर २७,५०० तास होतात. दिवसरात्र मोजले तर तीन वर्षांहून अधिक काळ. ज्याचे वडील दुपारी घरी जेवायला येत होते, त्याने आयुष्यातली तीन वर्षे पुरी या जाण्यायेण्यात काढली.

यात एक चमत्कारिक योग आहे. मस्जिद आणि सँडहर्स्ट रोड या आमच्या जुन्या वस्तीच्या स्थानकांवरही जलद गाडी थांबत नाही. म्हणजे सोडलेले घर धिम्या मार्गावर आणि घेतलेले घरही धिम्या मार्गावरच. मग लोकांनी युक्त्या काढल्या. काहीजण भायखळ्यापर्यंत चालत जाऊन जलद गाडी धरत आणि ठाण्याला बदलत. पण ठाण्याला धिम्या गाडीत शिरणे हे गाडी बदलण्यापेक्षा कुस्तीच्या जवळचे. काहीजण मस्जिदहून उलटे छत्रपती शिवाजी टर्मिनसला जात, बसायला जागा मिळावी म्हणून. पंधरा मिनिटे खर्चून सव्वा तासाचे बसणे विकत घेण्याचा हा सौदा. वेळापत्रकातला वेळ आणि माणसाच्या पायांना लागणारा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शहर नियोजनाची पुस्तके न वाचताही आमच्या लोकांना कळले होते.

रमजानमध्ये हा हिशेब आणखी बारीक होई. २००० सालचा रमजान नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरअखेर होता. मगरिब सहाच्या सुमारास, म्हणजे कचेऱ्या सुटण्याच्या नेमक्या वेळेला. साडेपाचला निघालेल्या माणसाचा रोजा धिम्या गाडीत, कुर्ला-घाटकोपरच्या आसपास सुटे. खजुराची पुडी हातोहात फिरे. उभ्या गर्दीत पाण्याची बाटली डोक्यांवरून पुढे जाई, आणि ती पुढे देणारा हात पुष्कळदा डोंबिवली-कल्याणच्या हिंदू प्रवाशाचा असे. मोहल्ले वेगळे झाले तरी डबा एकच राहिला होता. पुढे रमजान उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आला, मगरिब सातच्या पुढे गेली, तसे लोक घरच्या दस्तरखानावर पोहोचू लागले. २०३० मध्ये तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरमध्ये येईल, तेव्हा खजुराच्या पुड्या परत निघतील.

पुरुषांचे तीन तास गेले, मुलींचे शिक्षण गेले. मुंबईतल्या चांगल्या शाळेत चालत जाणारी मुलगी मुंब्र्याला आल्यावर एकट्याने दीड तास गाडीने कशी जाणार, या एका प्रश्नावर १९९३ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पुष्कळ मुलींची नावे शाळा-कॉलेजांतून निघाली. मुंब्र्यात पुढे शाळा निघाल्या, कॉलेज निघाले, आणि आज सकाळच्या महिला डब्यात तिथल्या मुली दाटीने उभ्या असतात. पण मधली एक तुकडी राहून गेली. आज त्या बायका पन्नाशीकडे झुकल्या आहेत. घर निवडताना त्यांच्या वेळेचा हिशेब कोणी केला नव्हता, आणि आमच्या समाजाने याबद्दल अजून पुरेसे बोललेले नाही.

मीरा रोडच्या लोकांचे थोडे बरे, पश्चिम रेल्वेच्या विरारकडच्या बऱ्याच गाड्या बोरिवलीपर्यंत जलद जातात. पण ११ जुलै २००६ रोजी त्याच मार्गावरच्या सात गाड्यांत स्फोट झाले, त्यांतला एक मीरा रोड-भाईंदरच्या दरम्यान. त्यानंतर कितीतरी दिवस दाढी-टोपीच्या माणसाला गर्दीच्या डब्यातही आजूबाजूला थोडी जागा मिळत असे. तशी जागा कुणालाही नको होती.

स्वस्त घराची आणखी एक किंमत ४ एप्रिल २०१३ रोजी कळली. मुंब्र्याजवळ शिळफाटा भागात बेकायदा बांधलेली इमारत कोसळून ७४ माणसे मेली. परवानगी, नकाशा, सिमेंट पाहण्याइतका वेळ घर घेणाऱ्याजवळ नसतो, असे आपण म्हणतो. ज्याला दुसरीकडे कुठे कोणी घर देत नाही, त्याने परवानगी पाहून तरी काय करायचे?

२०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका पुरी झाली. पारसिक बोगदा मुख्यतः लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आणि जलद लोकल मुंब्र्यावरून धावू लागल्या, न थांबता. ऑक्टोबर २०२४ च्या वेळापत्रकात गर्दीच्या वेळच्या अगदी मोजक्या जलद गाड्यांना मुंब्र्याला थांबा मिळाला. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. किमान चार माणसे गेली. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यामुळे चार हा आकडा लवकर विसरला जातो. वळण मात्र तेच आहे, १८५४ चे, डोंगर चुकवण्यासाठी घेतलेले.

इकडे मुंब्र्याच्या तरुणांची दिशाच बदलते आहे. वडिलांच्या मस्जिदच्या दुकानावर न बसता मुलगा महापे-ऐरोलीकडच्या कंपनीत जातो, शिळफाट्याच्या रस्त्याने. वाहतूक मोकळी असेल तर बापाच्या निम्म्या वेळात पोहोचतो. लग्न ठरले की तो नवी मुंबईत घर पाहायला निघतो. दलालाला आधी आपले नाव सांगतो आणि मग कचेरीपासूनचे अंतर विचारतो.