बंधाऱ्याच्या गाळात घडलेला इतिहास : नांदूर मधमेश्वर

१/ निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटिश राजवटीत एक बंधारा उभा राहिला. उद्दिष्ट होते टंचाईग्रस्त मुलखाला कालव्याचे पाणी देणे. १९१६ मध्ये दारणा धरण पूर्ण झाले आणि त्याचे पाणी या बंधाऱ्यातून कालव्यांत वळू लागले.

२/ नदी अडली की गाळ थांबतो. वर्षानुवर्षे साचलेल्या गाळाने जलाशय उथळ झाला, त्यात बेटे तयार झाली. गाळासोबत नत्र व स्फुरदही आले. पाणी सुपीक झाले.

३/ सुपीक, उबदार पाण्यात सूक्ष्म शैवाल झपाट्याने वाढते. त्यावर चरणारे जीव म्हणजे प्राणीप्लवक : रोटिफर, मोइना, डॅफ्निया, सायक्लॉप्सचे भाऊबंद. ‘प्लँक्टन’ ही संज्ञा जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ मध्ये रूढ केली. डॅफ्निया पायांवरील केसांच्या चाळणीने पाणी गाळून शैवालाचे कण टिपते.

४/ या चराईची किल्ली कोणाच्या हाती असते? १९६५ मध्ये ब्रुक्स आणि डॉडसन यांनी अमेरिकेतील एका तळ्याचे १९४२ व १९६४ चे नमुने ताडून पाहिले. मधल्या काळात तेथे प्लवक खाणारे मासे आले होते. मोठे प्राणीप्लवक नाहीसे झाले होते. उरले होते केवळ लहान.

५/ उष्ण कटिबंधात हा दाब अधिक असतो, कारण लहान मासे वर्षातील बराच काळ उपलब्ध असतात. म्हणून येथे चरणारे बहुधा लहान. मायक्रोसिस्टिससारख्या नील-हरित शैवलाचे मोठे पुंजके त्यांच्या तोंडात मावत नाहीत. ते लहान शैवाल खातात आणि पुंजक्यांना मैदान मोकळे करून देतात. शिवाय त्यांच्या उत्सर्गातून नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात मिसळते. चरणाराच खतही घालतो!

६/ शैवाल, प्राणीप्लवक, मासे, पक्षी : या साखळीने कालव्याच्या बंधाऱ्याला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हा लौकिक दिला. १९८६ मध्ये अभयारण्य घोषित झाले. २०२० मध्ये ते राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले.

७/ मात्र सुपीकतेलाही मर्यादा असते. हा जलाशय नाशिक शहराच्या खालच्या अंगाला आहे. शहराचे सांडपाणी आणि शेतांतील खत यांचा भार वाढला, तर न खाल्ले जाणारे शैवाल माजते. ते कुजताना प्राणवायू संपतो आणि साखळी तळापासून तुटते. ज्या पोषणाने हे अभयारण्य घडवले, त्याचाच अतिरेक ते बुडवू शकतो. पाहुणे पक्षी मोजताना त्यांच्या पायाखालचे पाणीही तपासले पाहिजे, ते यासाठीच.