हजेरीपत्रकावर एकोणीसच का?

आपल्या बाजारपेठेतल्या एका दुकानाचं हजेरीपत्रक परवा पाहिलं. नावं १९, राबणारी माणसं पंचविसाच्या वर. विसावं नाव चढलं की पीएफ लागतो ना!

हा विसाचा आकडा जुना आहे मंडळी. नोव्हेंबर १९५१ मध्ये वटहुकूम निघाला, १९५२ ला भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. तेव्हा कापड, सिमेंट, कागद, सिगारेट, लोखंड-पोलाद आणि इंजिनिअरिंग हे सहाच उद्योग, तेही ५० कामगारांच्या वरचे कारखाने. पगारातून कपात सव्वासहा टक्के. १९६० मध्ये ५० चे २० झाले. पुढे कपात १२ टक्क्यांवर गेली, मालकाचा हिस्साही तेवढाच. २० मात्र तिथंच अडकलंय.

मालक म्हणतात, नव्या करप्रणालीत कामगाराच्या हिश्श्यावर ८०सीची सूटही नाही, कशाला कापायचे? अहो, १२ हजार पगारवाल्याला कर होता कधी?

आणि माणसं विसापेक्षा कमी असली, तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर पीएफ सुरू करता येतो. कायद्यात तशी सोय आहे. त्याच दुकानातले मुनीमकाका तीस वर्षांनी घरी बसले. हातात शाल आणि नारळ.